इबाख : लाल चाकूचे गाव

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या जैन कुटुंबांचा प्रवास बहुधा ठरलेल्या वाटेने होतो. झुरिचला उतरायचे, ल्युसर्नचा जुना लाकडी पूल पाहायचा, एंगेलबर्गहून टिटलिसच्या बर्फावर जायचे, सहलीबरोबर आलेल्या आचाऱ्याच्या हातचे जेवण वेळेत उरकायचे आणि परतीच्या आदल्या दिवशी बाजारात शिरायचे. त्या बाजारातून चॉकलेट येते, एखादे घड्याळ येते आणि लाल मुठीवर पांढरा क्रूस असलेला एक घडीचा चाकूही येतो. चॉकलेट आठवडाभरात संपते. चाकू मात्र दुकानाच्या गल्ल्यात, चष्म्याच्या घरट्याशेजारी, पुढील वीस-पंचवीस वर्षे मुक्काम करतो. मालकाचे केस पांढरे होतात, गादीवर मुलगा बसू लागतो, वहीखात्यांची जागा संगणक घेतो. चाकू तसाच राहतो.

हा चाकू जेथे तयार होतो ते गाव ल्युसर्नहून तासाभराच्या अंतरावर आहे, ही गोष्ट तो विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. गावाचे नाव इबाख. एका साध्या वस्तूने आपली मर्यादा सांभाळली आणि एका पेढीने आपली, तर दोन्ही किती काळ टिकतात, हे पाहायचे असेल तर या गावाकडे वाकडी वाट करून जावे.

दोन शिखरांच्या पायथ्याशी

इबाख हे श्वित्स या नगराचाच एक भाग आहे. श्वित्स म्हणजे ज्या परगण्यावरून संपूर्ण देशाला स्वित्झर्लंड हे नाव मिळाले तो परगणा. या भूमीतील तीन डोंगरी परगण्यांनी परस्परांना साहाय्य करण्याचा जो करार केला, त्याचा १२९१ सालचा मूळ लेख श्वित्सच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. नगराच्या पाठीशी ग्रोसर मिथेन आणि क्लायनर मिथेन ही दोन शिखरे उभी आहेत. त्यांपैकी मोठे १,८९८ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा ते अडीचशे मीटरांनी उंच, पण सरळसोट उभ्या कड्यांमुळे पाहणाऱ्याला त्याहूनही उत्तुंग वाटते. डोंगरातून आलेली मुओटा नदी इबाखवरून वाहत जाऊन ब्रुनेन येथे ल्युसर्नच्या सरोवराला मिळते.

आज हे दृश्य समृद्धीचे वाटते. हिरवी कुरणे, नीटनेटकी घरे, वेळेवर येणारी आगगाडी. एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र वेगळे होते. डोंगराळ जमीन, थोडी शेती, गुरे आणि दूधदुभते एवढ्यावर वाढती कुटुंबे पोसणे अवघड होते. त्याआधी कित्येक पिढ्या स्विस तरुण परदेशी राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून जात. पुढे अनेकांनी अमेरिकेची वाट धरली. राजस्थानच्या कोरड्या गावांतून आणि गुजरातच्या लहान खेड्यांतून पोटासाठी महाराष्ट्रात आलेल्या व्यापारी कुटुंबांना घर सोडण्याची ही व्यथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. इबाखच्या चाकूची कथा या व्यथेपासून सुरू होते.

टोपीवाल्याच्या घरातला कारागीर

कार्ल एल्सेनर याचा जन्म १८६० मधला. घरात टोप्या तयार करून विकण्याचा व्यवसाय होता. आई व्हिक्टोरिया दुकान सांभाळत असे. कार्लने वडिलांचा धंदा न घेता चाकू-सुऱ्या करण्याची कला आत्मसात केली. त्यासाठी तो गावाबाहेर राहिला, परदेशी कार्यशाळांत उमेदवारी केली आणि १८८४ मध्ये इबाखला परतून ओढ्याच्या काठी स्वतःची कार्यशाळा थाटली. पाणचक्कीच्या बळावर सहाणेची चाके फिरत आणि त्यावर पात्यांना धार लागे. या उभारणीत आईने त्याला मोठे साहाय्य केले.

त्याच सुमारास स्विस सैन्याला नवी रायफल मिळाली होती. ती खोलून साफ करण्यासाठी शिपायाजवळ स्क्रूड्रायव्हर हवा होता. शिधा बंद डब्यातून येत असल्याने डबा उघडण्याचे साधन हवे होते. भाकरी कापायला पाते आणि चामड्याला भोक पाडायला आरी हवी होती. या चारही गोष्टी एका मुठीत बसवलेला चाकू सैन्याने ठरवला. पण एवढ्या संख्येने चाकू करण्याची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमधील कोणत्याही कार्यशाळेत नव्हती. पहिली मागणी जर्मनीतील झोलिंगन या पोलादी कामासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराकडे गेली.

आपल्या देशाच्या शिपायाचा चाकू आपल्या देशात का होऊ नये, आणि त्यातून आपल्या माणसांना गावातच काम का मिळू नये, हा एल्सेनरचा प्रश्न होता. त्याने स्विस कारागिरांचा एक संघ उभारला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकूंची पहिली मोठी खेप दिली. परंतु भावना आणि हिशेब यांचे गणित नेहमी जुळतेच असे नाही. झोलिंगनचे कारखाने यंत्रावर आणि स्वस्तात माल काढत. त्यांच्या भावाशी टक्कर देणे लहान कार्यशाळांना झेपेना. संघातील सोबती एकामागून एक बाजूला झाले. एल्सेनर एकटा उरला आणि कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून पेढीचे दिवाळे वाजता वाजता राहिले. आज जगभर पोहोचलेला हा धंदा एके काळी भाऊबंदांच्या आधारावर तगला होता, हा तपशील व्यापारी घरातील वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एक पट्टी, दोन बाजू

एल्सेनरला सावरले ते एका नव्या रचनेने. शिपायाचा चाकू मजबूत पण जड होता. अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा आणि अधिक उपयोगी चाकू करावा असे त्याने मनाशी घेतले. घडीच्या चाकूत पाते उघडे किंवा मिटलेले राहते ते मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी पट्टीच्या दाबामुळे. ही पट्टी कमानीसारखी लवते, पात्याच्या बुंध्याला दाबून धरते आणि उघडताना व मिटताना तो ओळखीचा ‘टक्’ आवाज येतो. एल्सेनरने या पट्टीच्या एकाच बाजूला नव्हे तर दोन्ही बाजूंना हत्यारे जोडली. त्यामुळे केवळ दोन पट्ट्यांवर सहा साधने बसली. शिपायाच्या चाकूतील चारांच्या जोडीला एक लहान पाते आणि बूच काढण्याचा मळसूत्री काटा आला. १२ जून १८९७ रोजी या चाकूची अधिकृत नोंदणी झाली.

गंमत अशी की सैन्याने हा अधिकाऱ्यांचा चाकू आपल्या सरकारी सामानात कधीच घेतला नाही. अधिकारी तो स्वतःच्या पैशाने विकत घेत आणि त्यांच्या खिशातून तो लोकांच्या खिशात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकी शिपायांनी तो मोठ्या संख्येने घरी नेला. मूळ जर्मन नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला सरळ ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हटले. तेच नाव पुढे जगभर रूढ झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानेही उत्तम रचनेचा नमुना म्हणून त्याला आपल्या संग्रहात जागा दिली.

१९०९ मध्ये आई निवर्तली. कार्लने तिच्या स्मरणार्थ ‘व्हिक्टोरिया’ हे पेढीचे चिन्हनाम केले आणि त्याच वर्षी ढालीवरील क्रुसाचे चिन्ह नोंदवले. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा वापर सुरू झाला. अशा पोलादाला ‘इनॉक्स’ म्हणतात. आईचे नाव आणि पोलादाचे नाव एकत्र येऊन ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हा शब्द तयार झाला. कित्येक भारतीय पेढ्यांच्या पाट्यांवर आईवडिलांची नावे असतात; गल्ल्यातल्या चाकूवरही एका आईचेच नाव कोरलेले आहे, हे मात्र पाते उघडताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

गल्ल्यातील वर्षे

शंभर वर्षांपूर्वी शिपायासाठी ठरवलेली ही साधने व्यापाऱ्याच्या हाती येतात तेव्हा त्यांची कामे बदलतात. कापडाच्या दुकानात मोठे पाते गाठोड्याची सुतळी कापते आणि खोक्यावरची चिकटपट्टी उकलते. लहान पाते मुद्दाम स्वच्छ राखले जाते, ते फळासाठी. कात्री सुटलेला दोरा तोडते, चिमटा बोटातली कूस काढतो. काही नमुन्यांत पाठीमागे एक आकडा असतो. दोरीने बांधलेले जड पार्सल त्यात अडकवून उचलले की दोरी बोटांना कापत नाही. हा आकडा पाहून अनेकांना तो कशासाठी आहे हे कळत नाही. ज्याने रेल्वेच्या पार्सल खिडकीतून गाठोडी वाहिली आहेत त्याला मात्र तो लगेच कळतो.

जैन घरात दोन साधने पहिल्यापासून बेकार ठरतात. मोठ्या नमुन्यांत मासळीचे खवले काढण्याचे पाते असते आणि बहुतेक नमुन्यांत मद्याच्या बाटलीचे बूच काढणारा मळसूत्री काटा असतो. खवल्यांच्या पात्याला पर्याय एकच, तो नमुना न घेणे. मळसूत्री काट्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या वेटोळ्यांत चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवण्याचा एक इवलासा स्क्रूड्रायव्हर बसतो, आणि घट्ट बसलेली गाठ सोडवण्यास त्या काट्याच्या टोकासारखे दुसरे साधन नाही. मद्यासाठी घडवलेली वस्तू अशा रीतीने गाठी सोडवण्याच्या आणि वडीलधाऱ्यांचे चष्मे दुरुस्त करण्याच्या कामी लागते. ज्यांना तीही नको असेल त्यांच्यासाठी त्या जागी चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर असलेले नमुनेही मिळतात.

प्रवासात या चाकूचे मोल विशेष कळते. परदेशातील उपाहारगृहाच्या सुरीने आधी काय कापले गेले असेल, हा प्रश्न शाकाहारी माणसाच्या मनातून जात नाही. स्वतःचा चाकू जवळ असला की बाजारातून सफरचंद, काकडी, पीच घ्यावे, नळाखाली धुवावे आणि खाखऱ्यासोबत खावे. कोणाला विचारण्याची गरज राहत नाही. त्या देशात जूनमध्ये सूर्य रात्री ९ नंतर मावळतो, तर डिसेंबरमध्ये सायंकाळी ५ च्या आधीच. हिवाळ्यात चौविहार पाळणाऱ्याला दुपार सरताच जेवणाची घाई करावी लागते. अशा वेळी खिशातला चाकू आणि पिशवीतली फळे नियम राखून देतात.

एवढी वर्षे चाकू टिकतो याला पोलादाइतकीच निगा कारण असते. प्रत्येक साधनाचे पोलाद त्याच्या कामानुसार कमी-अधिक कठीण केलेले असते. पाते सर्वांत कठीण, कारण त्याने धार धरायची. करवत आणि कात्री त्याहून थोडी मऊ. पाठीतली पट्टी सर्वांत लवचीक, कारण तिने हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायचे. सांध्यांत दोऱ्याचे तंतू आणि धूळ साचली की हालचाल जड होते. मग चाकू कोमट पाण्यात धरून पाती वारंवार उघडायची-मिटायची, पूर्ण कोरडा करायचा आणि सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. फळे चिरत असतील तर तेल खाण्याला चालेल असेच हवे. धार लावताना पाते दगडावर १५ ते २० अंशांत, जवळजवळ झोपवूनच धरायचे. दातकोरणे आणि चिमटा हरवले तर नवे मिळतात. वस्तूतील मूळ दोषाची हमी कंपनी घेते. नेहमीच्या झिजेची किंवा पात्याने पत्र्याचे झाकण उचकटण्याची नाही. पाते हे पहार नव्हे, एवढे लक्षात ठेवले तर एक चाकू दोन पिढ्या पाहतो.

अधिकरणाचा प्रश्न

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि जैन वाचकाने तो टाळू नये. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घरात चाकूचे कौतुक कितपत शोभते? आणि तो भेट म्हणून द्यावा का?

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. प्रयोजनावाचून होणाऱ्या पापापासून दूर राहणे, हा त्याचा अर्थ. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत हिंसादान हा एक आहे. परशू, तलवार, अग्नी, शस्त्रे यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान. श्वेतांबर परंपरेत याच व्रताच्या अतिचारांत ‘संयुक्ताधिकरण’ हा शब्द येतो. उखळ आणि मुसळ, नांगर आणि फाळ, धनुष्य आणि बाण अशी साधने जोडून, वापरायला सज्ज करून ठेवणे हा तो दोष. साधन तयार असले की हात आपोआप त्याकडे वळतो, किंवा कोणीतरी येऊन मागून नेतो, हा त्यामागील विचार.

शब्दशः पाहिले तर अनेक हत्यारे एका मुठीत जोडलेला हा चाकू म्हणजे संयुक्त अधिकरणच आहे. पण त्याच्या रचनेकडे थोडे अधिक लक्ष दिले तर दुसरी बाजू दिसते. त्यातील प्रत्येक धार मिटलेली असते. ती बाहेर काढायची तर दोन हात लागतात, नखाने खाचेत धरून ओढावे लागते, आणि त्या क्षणभरात कशासाठी काढतो हे ठरवावे लागते. काम झाले की ती पुन्हा आत जाते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. बेसावधपणे, कषायांच्या आहारी जाऊन केलेला जीवघात ती हिंसा. घडीचा चाकू आपल्या परीने सावधपणा मागतो. उघडी सुरी कट्ट्यावर विसरून राहते. मिटलेला चाकू विसरला तरी कोणाला इजा करीत नाही.

जैन घरांनी हा सावधपणा भाषेतही सांभाळला आहे. मारवाडी घरात भाजी ‘सुधारतात’, गुजराती घरात ‘समारतात’. कापण्याचा शब्द वनस्पतीसाठीही ओठांवर येऊ दिला जात नाही. साधू-साध्वींना सुई, कात्री किंवा चाकू लागला तर ती वस्तू ते आपल्याजवळ बाळगत नाहीत. गृहस्थाकडून मागून घेतात आणि काम होताच परत करतात. अशा परत करण्याच्या बोलीवर घेतलेल्या वस्तूला ‘पाडिहारी’ म्हणतात. विहारात सोबत चालणाऱ्या श्रावकाजवळ असा चाकू असेल तर त्यातला लहानसा चिमटा अनवाणी पायातील काटा काढण्यास उपयोगी पडतो. तेव्हा निर्णय वस्तूपेक्षा प्रयोजनावर ठरतो. शोभेसाठी, धाक दाखवण्यासाठी किंवा लहान मुलाच्या हौसेसाठी चाकू देणे अनर्थदंडात मोडते, यात शंका नाही. ज्याला रोजचे काम आहे आणि ज्याचा हात जबाबदार आहे त्याच्याकडे तो असणे ही गृहस्थाची गरज आहे. युरोपातही चाकू फुकट देत-घेत नाहीत. घेणारा त्याच्या बदल्यात एखादे नाणे देतो, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो आणि नाते तुटत नाही, अशी तेथील समजूत आहे. धार असलेली वस्तू सहज म्हणून हाती देऊ नये, हे निरनिराळ्या वाटांनी अनेक समाजांना उमगले आहे.

पेढीची मर्यादा

चाकूइतकीच त्याच्या पेढीची कथा व्यापारी घरांनी ऐकण्यासारखी आहे. आज एल्सेनर घराण्याची चौथी पिढी कारभार पाहते. चार पिढ्यांत वाटण्या, कज्जे, बाहेरच्या भांडवलाचा मोह या सर्व गोष्टींना पुरेसा वाव होता. २००० साली या कुटुंबाने एक निर्णय घेतला. कंपनीचे ९० टक्के भाग एका प्रतिष्ठानाच्या नावे केले आणि उरलेले १० टक्के एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे दिले. कुटुंब कारभार सांभाळते, पण मालमत्ता वाटून घेता येत नाही, विकून मोकळे होता येत नाही. नफ्याचा मोठा वाटा धंद्यातच राहतो. जैन परिभाषेत सांगायचे तर हे परिग्रहाचे परिमाण आहे, आणि ते एकट्यादुकट्याने नव्हे तर संपूर्ण घराण्याने घातले आहे.

या निर्णयाची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर विमानाच्या केबिनमध्ये लहानसा चाकू नेण्यासही बंदी आली. विमानतळांवरील आणि विमानांतील विक्री जवळजवळ रातोरात थांबली. भेट म्हणून चाकू देण्याची प्रथाही ओसरली. खिशातील चाकूंची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. अशा वेळी बहुतेक कारखाने आधी माणसे कमी करतात. इबाखमध्ये कोणालाही मंदीपायी कामावरून काढले नाही. जादा वेळेचे काम बंद झाले, साचलेल्या सुट्ट्या घेण्यास सांगितले गेले, आणि काही कामगारांना काही काळापुरते परिसरातील इतर कारखान्यांकडे कामाला पाठवले. हे शक्य झाले ते चांगल्या वर्षांत बाजूला टाकलेल्या गंगाजळीमुळे. घड्याळे आणि प्रवासी सामान हे जोडधंदे आधीच सुरू झाले होते. पुढे त्यांनी भार उचलला. गावातल्या माणसांना गावातच काम मिळावे म्हणून ज्या कार्यशाळेचा जीव धोक्यात घातला गेला होता, तिने शंभर वर्षांनंतरही तो शब्द मोडला नाही.

प्रतिस्पर्ध्याशी वागण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. फ्रेंचभाषक ज्युरा भागातील देलेमों येथे वेंगर ही दुसरी पेढी सैन्याला असेच चाकू पुरवीत असे. जर्मनभाषक आणि फ्रेंचभाषक प्रदेशांत असूया नको म्हणून सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी मागणी निम्मी-निम्मी वाटून दिली आणि दोन्ही घरे तशी नांदली. पुढे वेंगर अडचणीत आली तेव्हा २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने ती घेतली. देलेमोंचे काम बंद केले नाही, आणि वेंगरचे चाकू आणखी काही वर्षे त्यांच्याच नावाने बाजारात ठेवले. २०१३ मध्ये ते नाव चाकूंपुरते मूळ नावात विलीन झाले.

काटकसरीची सवय कारखान्याच्या रोजच्या कामातही दिसते. घासकामात निघणारा पोलादाचा चुरा गोळा होऊन पुन्हा पोलाद होण्यास जातो. यंत्रांतून निघणारी उष्णता हिवाळ्यात कारखाना आणि लगतची घरे उबदार ठेवण्यास वापरली जाते. वाण्याच्या दुकानात सुतळीचा तुकडा आणि रिकामे पोते फेकत नाहीत, त्याच जातीची ही बुद्धी आहे.

वाट आणि वेळ

इबाखला जाण्यासाठी झुरिच किंवा ल्युसर्नहून श्वित्सपर्यंत आगगाडी आणि तेथून बस असा सोयीचा मार्ग आहे. कारखान्यापाशी विक्रीदालन आहे. प्रवाशांसाठी खरे पाहण्याचे ठिकाण म्हणजे जवळच्या ब्रुनेन येथील अभ्यागत केंद्र. तेथे जुन्या चाकूंचे नमुने मांडले आहेत, आणि पूर्वनोंदणी केल्यास कारागिराच्या देखरेखीखाली स्वतःचा चाकू स्वतः जोडता येतो. पट्टी, पाती, पितळी खिळे आणि लाल कवच यांपासून हाती तयार चाकू येतो तेव्हा त्या लहानशा वस्तूत किती अचूकपणा आहे हे मुलांनाही कळते. केंद्रापासून सरोवराचा काठ चालत जाण्याएवढा जवळ आहे आणि बाकावर बसून डबा सोडण्यास जागा उत्तम आहे. घेतलेला चाकू परतीच्या प्रवासात बॅगेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातच ठेवावा. हातातल्या पिशवीत राहिला तर तो सुरक्षा तपासणीच्या मेजावरच सोडून यावा लागतो.

अलीकडे या गावातून एक वेगळी वार्ता आली आहे. काही देशांत चाकू बाळगण्याविषयीचे कायदे कडक होत चालले आहेत. म्हणून पातेच नसलेले, पण स्क्रूड्रायव्हर, कात्री, चिमटा यांसारखी बाकीची साधने असलेले नवे नमुने तयार करण्याचे काम चालू असल्याचे कार्ल एल्सेनर (चौथे) यांनी २०२४ मध्ये सांगितले. विमानप्रवासासाठी पात्याविना लहान नमुना तर आधीपासूनच आहे. ज्या पेढीची ओळखच पाते, तिने पाते वगळण्याची तयारी ठेवावी, हे बाजाराच्या दृष्टीने धाडस आहे. गल्ल्यात कोणती साधने असावीत आणि कोणती नसावीत याचा विचार करणाऱ्या जैन व्यापाऱ्याला तो नमुना हाती घेऊन पाहावासा वाटेल. फळ सुधारण्यासाठी त्याला एक लहान पाते तरीही लागेलच. पण ते कोठे ठेवायचे, कोणाच्या हाती द्यायचे आणि केव्हा मिटायचे, हे ठरवण्याचे काम कोणताही कारखाना त्याच्यासाठी करून देणार नाही.